वरीलप्रमाणे

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळी ७.

नवी वही. मागच्या वहीत सतरा पानं कोरी होती, पण नव्या पर्वाला नवी वही हवी. संकल्प एकच: ३१ डिसेंबरच्या आत पेपर पुरा करणे. विषय: लांबलचक मजकुरातून हवा तो तुकडा, सगळा मजकूर न वाचता, शोधून काढणे. अकरा वर्षं काम चालू आहे. आधी कॉलेजात पोरांची प्रॅक्टिकल्स असायची. मग निवृत्ती, मग लगेच बायकोचं, रेचलचं आजारपण. आता एकही अडथळा नाही. घरात कोणी नाहीच, तर अडथळा येणार कुठून?

भाऊबीज. शेजारी गर्दी आणि हसणं. खिडकी लावून घेतली. एकाग्रतेसाठी.

वहीचे नियम मागच्या तीस वह्यांचेच. एक, शनिवारी लिहिणे नाही. आम्हा ज्यूंचा विसाव्याचा वार, शब्बाथ तो शब्बाथ. दोन, एकदा घडलेलं पुन्हा घडलं तर पुन्हा लिहिणे नाही. तिथे फक्त 'वरीलप्रमाणे' किंवा 'नेहमीचंच'. आमच्या शास्त्रात याला कॉम्प्रेशन म्हणतात. तुकडा पुन्हा आला की तो उतरवायचा नाही, मागे बोट दाखवायचं. जागा वाचते, माहिती जात नाही. रेचल हसायची. म्हणायची, अहो, दोन रुपयांची वही, जागा वाचवून काय करणार.

जेवण: डाळभात, पापड.

४ नोव्हेंबर, सोमवार.

वरीलप्रमाणे. संध्याकाळी परदेशातून, अश्दोदहून मुलीचा, तामारचा फोन. नेहमीचंच.

५ नोव्हेंबर, मंगळवार.

वरीलप्रमाणे.

६ नोव्हेंबर, बुधवार.

पेपर उघडला. फॉन्ट बदलला. आता फार भारदस्त दिसतो. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं. तामार: नेहमीचंच.

७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३.

जर्नलकडून उत्तर आलं. मागच्या वर्षी पाठवलेला मसुदा परत. तिसऱ्यांदा. रेफरी, म्हणजे पेपर तपासणारा, म्हणतो, पद्धत कल्पक आहे, पण लेमा ३, ज्यावर सगळी पद्धत उभी आहे तो, चुकीचा आहे. मजकुरात एकच परिच्छेद थोड्याथोडक्या फरकाने पुनःपुन्हा येत असेल, तर ही पद्धत चुकीच्या परिच्छेदावर जाऊन समाधानाने थांबेल.

समाधानाने! शब्द पाहा.

माझी पद्धत साधी आहे. पेणहून रोह्याला जाताना कोणी कासू, नागोठणे, निडी अशा प्रत्येक स्टेशनवर उतरून पाटी वाचत नाही. तसंच मजकुराचं प्रत्येक अक्षर वाचायचं नाही. हिशोबाने उडी मारायची, एक अक्षर बघायचं, जुळलं तर थांबायचं, नाही तर पुढची उडी. एकदोन अक्षरं इकडेतिकडे असली तरी चालवून घ्यायचं. आणि एकच परिच्छेद पुनःपुन्हा लिहिणारा माणूस आहे कोण? रेफरीने एक तरी खरा मजकूर दाखवावा. कडक उत्तर लिहिणार. उद्यापासून.

१० नोव्हेंबर, रविवार.

तामारचा फोन. आज नेहमीचा नव्हता, म्हणून लिहितो.

डिसेंबरात येतेय. जोनाथन, म्हणजे आमचा जावई, आणि त्याचे वडील नि दोघे भाऊ बरोबर. रेचलला जाऊन आपल्या हिब्रू पंचांगाच्या तारखेने चार वर्षं होतील. ती तारीख हनुक्काच्या, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाच्या, चौथ्या दिवशी पडते, यंदा २९ डिसेंबर, रविवार. तामारचं म्हणणं, त्या दिवशी आईसाठी तिच्या माहेरच्या सिनेगॉगमध्ये, रोह्याला, दहा पुरुषांत कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, व्हायला हवा.

चार वर्षांपूर्वी झाला नव्हता. करोनाचे दिवस. दफनाला आम्ही पाच जण होतो. दहा नसले तर कद्दीश म्हणता येत नाही. मी तोंड मिटून उभा राहिलो. तामार फोनच्या पडद्यावर होती. पडदा मधेच गोठला.

आता ते चौघे, ओळखीतले ठाण्याचे पाच, आणि मी. मोजून दहा. एकही जास्त नाही.

तामार म्हणाली, पप्पा, तुम्ही फक्त या, बाकी आम्ही बघतो. मी सांगितलं, तोरेची पोथी त्या दिवशीच्या वाचनाला लावून ठेवायचं काम माझं. तिने दोनदा विचारलं, कोणाचं, तुमचं? फोन खराब असावा.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.

सकाळच्या गाडीने पेणहून रोहा. सिनेगॉगची किल्ली इंदुबाईकडे असते. आधी तिची सासू झाडलोट करायची, आता ही. तिने हेखाल, म्हणजे पोथ्या ठेवायचं कपाट, उघडून दिलं. आत दोन सेफर, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, तोरेच्या, हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या. एक मोठा, एक बारका. दोन्ही लाकडी उभ्या पेटीत. वरच्या मुठी फिरवल्या की चामड्याचा कागद एका दांड्यावरून दुसऱ्यावर जातो.

इंदुबाई म्हणाली, त्या बारक्याला हात नका लावू सर. सॅमसनभाऊ तो हनुक्क्याला लावून गेलेत. जायच्या आदल्या महिन्यात दहा जन जमलेले, तेच शेवटचे. तवापासून तो तसाच हाय.

सॅमसनभाऊ इथले शेवटचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. पाच वर्षं झाली, तेही तामारच्या देशात गेले. चांगला माणूस, पण शिक्षण चौथी.

आता इंदुबाईला कसं सांगणार, की कोणी काय लावून ठेवलंय यावर शास्त्र चालत नाही. मोजणी सुरुवातीपासूनच करावी लागते. बारका सेफर मी पार पहिल्या अक्षरापर्यंत मागे गुंडाळला. दीड तास. खांदा भरून आला. इंदुबाई दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, आता परत तिथं कोन आननार?

मी फक्त हसलो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

खांद्याला बाम. बाकी वरीलप्रमाणे.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

वरीलप्रमाणे. तामार: नेहमीचंच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.

आज मोठा विचार सुचला. तोरेच्या गुंडाळीत पान क्रमांक नाहीत. ओळींना आकडे नाहीत, स्वरांच्या खुणा नाहीत. तीन लाखांवर अक्षरांची एकच सलग माळ. म्हणजे शुद्ध स्ट्रिंग! माझ्या पद्धतीसाठी यापरता चांगला प्रयोग नाही. रेचलच्या स्मरणार्थ तोरा लागेल, आणि त्याच दिवशी रेफरीला उत्तरही मिळेल. रेचलला आवडलं असतं.

छापील पुस्तक काढलं. हनुक्काच्या दिवसांत वाचायचं ते प्रकरण सापडलं. वेदीसाठी सरदारांनी भेटी आणल्या, त्याचं वर्णन. चौथ्या दिवशीच्या तेवढ्या सात-आठ ओळी वाचल्या. चांदीचं एक ताट, वजन एकशे तीस शेकेल. चांदीचा एक कटोरा. असं पुढे. 'चांदीचं ताट' हा पॅटर्न धरायचा. ताटासारखी गोष्ट मजकुरात किती वेळा येणार? पूर्ण प्रकरण वाचलं नाही. तोच तर मुद्दा आहे.

स्वरांशिवायचं हिब्रू मला झरझर वाचता येत नाही. अक्षरं ओळखतो. वाचायची ती रेचल. पण माझ्या पद्धतीत वाचता येण्याची गरजच नाही.

तामारने विचारलं, जोनाथन आदल्या दिवशी रोह्याला जाऊन लावून देऊ का म्हणतोय. सांगितलं, आदल्या दिवशी शनिवार आहे. ती म्हणाली, मग शुक्रवारी. सांगितलं, गरज नाही. पुढे अश्दोदला येऊन राहण्याबद्दल. नेहमीचंच.

१ डिसेंबर, रविवार.

रोहा. चाळीस उड्या. काही जुळलं नाही. डोळे दुखले. प्रकाश अपुरा. इंदुबाईने पिठलं-भाकरी आणून दिली. घरात एकट्याने काय जेवत असाल, असं पुटपुटली. तिला सांगितलं की मी नियमित जेवतो. दोन भाकऱ्या खाल्ल्या. केवळ तिचं मन राखायला तिसरी.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी २, रोहा स्टेशन.

सापडलं. सतराव्या उडीत. चांदीचं ताट, अक्षर न अक्षर.  कपाट लावताना इंदुबाईने विचारलं, त्येच हाय ना नक्की? तिला म्हटलं, बाई, अकरा वर्षं आहेत याच्यामागे.

बाकावर बसून इथूनच जर्नलला उत्तर पाठवलं. पद्धत एका प्राचीन, प्रत्यक्ष मजकुरावर यशस्वी. रेफरी म्हणतात तसा पुनरावृत्तीचा मजकूर व्यवहारात आढळत नाही. सही: सायमन पेणकर.

हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. शेजारी बसलेल्या गृहस्थांना सांगितलं. ते जित्याला जाणारे होते. लक्षपूर्वक ऐकत होते. मग कानातली वायर काढून म्हणाले, काय बोललात?

२७ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळ व्हायच्या आत.

परवा सगळी आली. रामवाडीच्या या घरात सहा माणसं. चपलांना जागा नाही. रोज एक दिवा वाढतोय. तामारने नारळाच्या दुधातलं मटण केलं, रेचलच्या पद्धतीने. चव तीच. मी म्हटलं, मीठ जरा कमी आहे. का म्हटलं, माहीत नाही.

तामारने कपाटातल्या तीस वह्या पाहिल्या. म्हणाली, पप्पा, तुम्ही कॉलेजला निघालात की आई दारात उभी राहून रोज काहीतरी म्हणायची. लांबलचक. शेवटी स्वतःच हसायची. मला चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. तुमच्याकडे असेल ना लिहिलेलं?

सांगितलं, माझी नोंद चोख असते. शोध हा तर माझा विषय. रविवार होऊ दे, एका मिनिटात काढून देतो.

मला स्वतःला शेवटचे तीन शब्द आठवतात. 'बघा म्हणजे झालं.' त्याआधी काय, ते आत्ता आठवत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्या तासाचा धडा असायचा.

२९ डिसेंबर, रविवार. दुपारी ४.

क्रमाने लिहितो.

दहा जमले. ठाण्याच्या डॉक्टरांनी आल्याआल्या सांगितलं, साडेअकराला निघावं लागेल, चारला ऑपरेशन आहे. हे त्यांनी तीनदा सांगितलं. प्रार्थना नीट झाली. बारका सेफर बाहेर आला. जोनाथन वाचायला उभा राहिला. एक ओळ वाचून थांबला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, पप्पा, हा अकरावा दिवस आहे, आपल्याला चौथा पाहिजे.

मी म्हटलं, सरक. एका मिनिटाचं काम.

मूठ मागे फिरवली. चांदीचं ताट. अजून मागे. चांदीचं ताट. पुढे आणली. चांदीचं ताट, वजन एकशे तीस. जिथे बघावं तिथे तेच ताट आणि तोच कटोरा. फरक फक्त सरदाराच्या नावात, आणि तेवढं नाव मला नऊ माणसांसमोर वाचता येईना. जोराने फिरवली. आत कागद दुमडला आणि मूठ अडकली.

जोनाथन म्हणाला, पप्पा, हात काढा. कागद फाटला तर सेफर वाचनातून बाद होतो. पेटी आडवी केली, उघडली, चौघांनी धरली. इंचाइंचाने सोडवत होते. मोठा सेफर काढावा, तर तो पार शेवटाकडे.

अकरा वीसला जोनाथन म्हणाला, पप्पा, आत्ता दहा आहोत, आधी आईंचा कद्दीश म्हणून घ्या. तोरा मागाहून लावू.

मी नाही म्हणालो. आधी तोरा, मग शेवटी कद्दीश. क्रम म्हणजे क्रम. स्ट्रिंगमध्ये क्रम मोडला तर उरतं काय, असंही म्हणालो. आत्ता लागेलच, असंही.

अकरा चाळीसला डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले.

बारा वाजता मूठ सुटली. जोनाथनला चौथा दिवस सापडायला एवढासाही वेळ लागला नाही. मग त्याने माणसं मोजली. पुन्हा मोजली. नऊ.

इंदुबाई दारातून म्हणाली, आमच्या नाथाला बशिवला तर चालंल का, चांगला मुलगा हाय, बरोबर बशेल. दहा जण आमच्याच धर्माचे लागतात, तरी कोणी हसलं नाही. जोनाथनच्या वडिलांनी तिला हात जोडले.

माझ्या पद्धतीत दोन चुका चालतात. इथे एकही चालत नाही.

वर बायकांच्या सज्जात तामार उभी होती. मी वर पाहिलं नाही.

३० डिसेंबर, सोमवार.

कारणं: १) पेटीचं लाकूड दमट हवेने फुगलेलं. २) डॉक्टरांनी वेळेची कल्पना आधी द्यायला हवी होती. ३) जोनाथन फार हळू बोलतो.

दोन नंबर खोडतो. तीनही.

तामार काही बोलली नाही. हे नेहमीचं नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार.

संकल्पाचा दिवस. ते प्रकरण मराठी भाषांतरात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. बारा दिवस, बारा सरदार, आणि प्रत्येकाची भेट तीच. एक ताट, एक कटोरा, एक धूपपात्र, एक गोऱ्हा, एक मेंढा. बारा वेळा, शब्दाला शब्द. रेफरीने सांगितलेला मजकूर माझ्या सासुरवाडीच्या कपाटात होता. प्रत्येक हनुक्काला मी तो समोर बसून ऐकलाय. म्हणजे बसलेलो असायचो.

जर्नलला दोन ओळी लिहिल्या. रेफरी बरोबर आहेत. लेमा ३ मागे घेतो.

लेमा ३ काढल्यावर पेपरात फक्त शीर्षक आणि आभार उरले. आभारात रेचलचं नाव आहे. ते राहू दिलं.

२ जानेवारी २०२५, गुरुवार.

गेले. गाडीत बसताना तामारने विचारलं, आईचं ते सापडलं का. म्हटलं, दोन दिवसांत पाठवतो. म्हणाली, पप्पा, चला ना आमच्याकडे, आमच्या जिन्यातच दहा माणसं मिळतात. मी म्हटलं, बघू. चपलांची जागा आता खूपच मोठी दिसते.

५ जानेवारी, रविवार.

रोहा. कशालाही हात लावायचा नाही, असं ठरवून गेलो आणि लावला नाही. जोनाथनने बारका सेफर चौथ्या दिवसावर लावून कापडाची पट्टी बांधून ठेवलीय. इंदुबाईची माफी मागायची होती. माफी जमेना, म्हणून तिला त्या प्रकरणाचं मराठी वाचून दाखवलं. पाचव्या सरदारापर्यंत आल्यावर म्हटलं, बघा, बारा वेळा तेच. मी असतो तर एकदा लिहून पुढे अकरा वेळा 'वरीलप्रमाणे' लिहिलं असतं.

इंदुबाई म्हणाली, आसं कसं. ताट सारखं असलं म्हनून काय झालं. ज्यानं त्यानं आपापल्या घरनं आनलेलं ना? मंग ज्याचं त्याचं सांगाया नको?

शेवटची गाडी पकडली.

६ जानेवारी, सोमवार.

तामारसाठी शोध. आधी २०२० ची वही. 'कॉलेजला निघालो. रेचल: नेहमीचंच.' ठीक. नेहमीचं म्हणजे काय, ते मागे असणार. २०१९: 'वरीलप्रमाणे.' २०१५: 'रेचल दारात. नेहमीचंच.' २००८: 'रेचल: गेल्या वर्षीप्रमाणे.' उड्या मारणं बंद केलं. एकेक पान वाचलं. जेवायला उठलो नाही. तीस वह्या, सगळ्या मागे बोट दाखवतात. शेवटी १९९४ ची, पहिली. १३ जून, कॉलेज सुरू झाल्याचा दिवस. पहिलंच पान. तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती.

'निघालो. रेचल दारात उभी राहून बोलली. नेहमीचंच.'

याच्या मागे वही नाही.

७ जानेवारी, मंगळवार.

तामारचा फोन, सात वाजून दहा मिनिटांनी. म्हणाली, पप्पा, जेवलात का. म्हटलं, डाळभात. म्हणाली, नुसता डाळभात नका खाऊ, इंदुबाईंकडून सुकट मागवा. म्हणाली, प्रेशरची गोळी घेतलीत का, डबीत बघून सांगा. बघून सांगितलं. म्हणाली, काल इथे हल्ल्याचा सायरन झाला, आज नाही झाला, आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणाली, खिडकी उघडी ठेवत जा. तिने आईचं विचारलं. मी सांगितलं, नाही सापडलं, मी लिहिलंच नव्हतं. ती रडली. मीही. मग म्हणाली, असू दे पप्पा. मग म्हणाली, लवकर झोपा. उद्या करते.

८ जानेवारी, बुधवार.

तामारचा फोन, सात वाजून पाच मिनिटांनी. म्हणाली, पप्पा, जेवलात का. म्हटलं, कोबी आणि भात. म्हणाली, नुसती कोबी नका खाऊ, इंदुबाईंकडून सुकट मागवलीत का. म्हणाली, प्रेशरची गोळी घेतलीत का, डबीत बघून सांगा. बघून सांगितलं. म्हणाली, आजही सायरन नाही झाला, आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणाली, खिडकी उघडी ठेवली ना. म्हटलं, ठेवली. म्हणाली, लवकर झोपा. उद्या करते.